सांगलीचा पिनकोड ४१६४१६ : दोन विभाजक सापडत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गणित सुटून पंचवीस वर्षं झाली, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

परवा पुण्याला बहिणीकडे बेदाण्याचं पार्सल पाठवत होतो. खोक्यावर आमचा पिनकोड लिहिला, ४१६४१६. भाची सुट्टीला इथंच आहे, आठवीत गेलीय. म्हणाली, "मामा, ह्याला सातनं भाग जातो. अकरानं आणि तेरानंपण." मला वाटलं पाठांतर असेल, पण कारण चोख निघालं. ४१६ दोनदा लिहिणं म्हणजे ४१६ ला १००१ नं गुणणं, आणि १००१ = ७ × ११ × १३. (साताऱ्याच्या ४१५००१ ला ह्या तिघांपैकी एकानंही भाग जात नाही. तिनं ते लगेच तपासलं, सांगलीकर शोभते.)

पुढं ४१६ फोडला की सगळे मूळ अवयव मिळतात: पाच वेळा २, एकदा ७, एकदा ११, दोनदा १३. सूत्रानं विभाजक ६ × २ × २ × ३ = ७२ व्हायला हवेत. वहीत मात्र ७० च भरतात. १ पासून ६०० पर्यंत जोड्या लावल्या, ३५ झाल्या, मग कंटाळलो. भडंगाची पिशवी संपली, जोडी काही मिळेना.

दुसरं. अंकांची बेरीज २२, आणि २२ नं भाग जातो: १८९२८. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशांना 'हर्षद' म्हटलं, एवढं मला माहीत होतं. भाचीचा दावा असा की तीन अंकांची बेरीज ७, ११ किंवा १३ असेल आणि शेवटचा अंक सम असेल, तर ती संख्या दोनदा लिहिली की हर्षद होणारच. हे खरं आहे का?

प्रतिसाद १
वर्गमूळ ६४५ च्या किंचित पुढं आहे, तुम्ही ६०० ला थांबलात. ६१६ × ६७६ करून बघा. जोड्या शोधत बसू नका: आधी विषम विभाजक लिहा (१, ७, ११, १३, ७७, ९१, १४३, १६९, १००१, ११८३, १८५९, १३०१३) आणि प्रत्येकाची पाचदा दुप्पट करत जा. बारा ओळी, सहा रकाने. एकही निसटत नाही.

दावा खरा आहे. सहा अंकांची बेरीज तिघांच्या दुप्पट होते. त्यातला ७, ११ किंवा १३ हा १००१ मधून सुटतो आणि २ सम अंकामुळं. उलट मात्र धरू नका. ११२११२ ची बेरीज ८, तीही हर्षद आहे.

धागाकर्ता
सापडले दोन्ही! पोरीनं त्यावरून आणखी एक काढलं: ६४६ चा वर्ग वजा ३० चा वर्ग म्हणजे बरोब्बर ४१६४१६. आता मिरजेचा ४१६४१० घेऊन बसलीय. पार्सल अजून घरातच आहे.