पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड बदलायचे आहेत, निवड कशी करावी? (नाशिक, नेहमीचा घाटप्रवास)

पंचवटीकर:
नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. तिला पुढे व्हेंटिलेटेड डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. कामानिमित्त मुंबईला वरचेवर जावे लागत असल्याने कसारा घाट नेहमीचाच आहे आणि वर्षातून काही वेळा आईवडिलांना घेऊन नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडावरही जाणे होते. अलीकडे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास ब्रेक लावला की पेडल पायाखाली थरथरते आणि स्टिअरिंगलाही हादरे जाणवतात. चाके काढून पाहिली असता डाव्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला दिसला. उजवीकडचे दोन्ही पॅड मात्र सारखेच झिजले आहेत.

एका मेकॅनिकने डिस्क वाकड्या झाल्याचे सांगून सगळेच बदलण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने डिस्क लेथवर घेऊन (म्हणजे यंत्रावर तासून सपाट करून) फक्त पॅड टाकले तरी पुरे असे सांगितले. द्वारका परिसरातील दुकानांत चौकशी केली तेव्हा कंपनीचे मूळ पॅड, बाजारातील नामांकित पॅड, सिरॅमिक पॅड आणि छिद्रे पाडलेल्या डिस्क असे इतके पर्याय समोर आले की निर्णय घेणे कठीण झाले आहे. खर्चाची तयारी आहे, परंतु खर्च योग्य ठिकाणी व्हावा अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मापनकक्ष, अंबड:
आपण खरेदीचा विचार आधी आणि मापनाचा नंतर करत आहात असे दिसते. हा क्रम बदलावा, अशी कळकळीची विनंती आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात मापन विभागात काम करतो, त्यामुळे हा विषय थोडा विस्ताराने लिहितो.

‘डिस्क वाकडी झाली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण बिडाची डिस्क रस्त्यावरच्या वापरात खरोखर पिळवटली जाणे दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा घडते ते असे: डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर) अगदी सपाट बसलेली नसते, त्यामुळे ती फिरताना किंचित डुलते. ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि हजारो किलोमीटरनंतर त्या ठिकाणी डिस्क पातळ तरी होते किंवा तिथे पॅडच्या द्रव्याचा थर तरी बसतो. अशा रीतीने जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर इतका जरी फरक पडला तरी पाय आणि स्टिअरिंग दोघांनाही तो कळतो. ज्या हादऱ्यांना आपण वाकडेपणा म्हणतो, ते प्रत्यक्षात या जाडीतल्या फरकाचे असतात.

म्हणून मायक्रोमीटरने प्रत्येक डिस्कची जाडी बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजावी. व्हर्निअर वापरू नये, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला न घासलेली धार उभी राहिलेली असते आणि व्हर्निअरचे सपाट जबडे त्या धारेवर टेकून जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. गंज चढला असल्यास तारेच्या ब्रशने घासल्यावर ती वाचता येते. मोजमाप या आकड्याच्या खाली गेले असेल तर पुढे चर्चेचा प्रश्नच उरत नाही.

डाव्या बाजूचा आतलाच पॅड जास्त झिजला आहे, ही आपल्या संपूर्ण वर्णनातली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या पिना अडकल्या असाव्यात, किंवा त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन मोकळेपणाने मागे येत नसावा. हा दोष तसाच ठेवून कितीही उत्तम पॅड घातले तरी त्यांचीही तीच गत होईल.

कसारामार्गे:
मी नाशिक-मुंबई मार्गावर पर्यटक टॅक्सी चालवतो, तेव्हा घाटाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

छिद्रे पाडलेल्या डिस्क घेऊ नका. त्या दिसायला आकर्षक असतात, पण वारंवार तापण्या-थंड होण्याने छिद्रांच्या कडेपासून बारीक तडे जाऊ लागतात आणि रोजच्या वापराच्या गाडीला त्यांचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. मूळ मापाची, आत हवा खेळणारी साधी डिस्क आपल्या कामाला सर्वांत चांगली.

पॅडच्या बाबतीत ‘सिरॅमिक म्हणजे उत्तम’ असे सरसकट समजू नये. सिरॅमिक पॅड आवाज कमी करतात आणि चाकावर काळी भुकटीही कमी सांडतात, हे खरे आहे. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचे तंतू असल्याने ते उष्णता चांगली सोसतात. त्या बदल्यात आवाज जास्त येतो आणि डिस्कही लवकर झिजते. स्वस्तातले मऊ ऑर्गॅनिक पॅड मात्र लांब उतारावर तापले की पकड सोडतात, आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही हा अनुभव कोणावरही येऊ नये. आपला वापर पाहता गाडी बनवणाऱ्या कंपनीचे मूळ पॅड, किंवा बॉश, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग, राणे यांसारख्या नावांचे, आपल्याच मॉडेलसाठी दिलेले पॅड पुरेसे आहेत.

मात्र पॅड कोणतेही असोत, इगतपुरी सोडून उताराला लागण्यापूर्वी गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

मापनकक्ष, अंबड:
कसारामार्गे यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक ढोबळ हिशेब जोडतो. इगतपुरी ते कसारा हा उतार सुमारे ३०० मीटरचा आहे. १,२०० किलो वजनाची गाडी तेवढी खाली येताना साधारण ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. ती सगळी केवळ ब्रेकने शोषली आणि पुढच्या दोन डिस्कमध्येच, म्हणजे सुमारे १० किलो बिडात, साठून राहिली असे धरले तर तापमान ७०० अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्याने बरीच उष्णता निघून जाते, पण उरलेला भार इंजिनवर टाकणे का गरजेचे आहे ते यावरून ध्यानात यावे.

पॅडच्या मागच्या पट्टीवर किंवा कडेवर ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातले आणि दुसरे तापल्यानंतरचे घर्षण दाखवते. एफ म्हणजे गुणांक ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, उदाहरणार्थ ‘एफई’, तर ते पॅड घाटासाठी घेऊ नयेत. परंतु जास्त घर्षण म्हणजे जास्त चांगले पॅड असाही अर्थ काढू नये, कारण पुढची आणि मागची पकड यांचा तोल कंपनीने मूळ पॅड गृहीत धरूनच साधलेला असतो. युरोपीय ‘आर९०’ प्रमाणन असलेले पॅड मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या मर्यादेत तपासलेले असतात, म्हणून ते चिन्ह मिळाल्यास मी त्याला प्राधान्य देईन.

पंचवटीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे मायक्रोमीटरने मापे घेतली. नवी डिस्क २० मिलिमीटरची असते आणि किमान जाडी १८ मिलिमीटर कोरलेली आहे. उजवी डिस्क सगळीकडे १९.१० च्या आसपास आहे. डावी १८.३० ते १८.३४ अशी कमी-जास्त भरते. डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलत नाही. तिचे रबर फाटून आत गंज गेला आहे. आता फक्त डावी डिस्क बदलावी की दोन्ही?

मापनकक्ष, अंबड:
दोन्ही बदलाव्यात. डावी लेथवर घेण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही बाजू साफ होईपर्यंत ती १८ च्या अगदी काठावर येईल आणि पातळ डिस्क लवकर तापते. उजवी अजून चालण्याजोगी आहे हे मान्य, पण एकाच अ‍ॅक्सलवर एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी डिस्क ठेवल्यास गाडी एका बाजूला ओढण्याचा संभव राहतो, आणि ओल्या घाटरस्त्यावर तो धोका पत्करू नये. दोन डिस्क, चार पॅडचा संच आणि पिना-रबरांचा किट असा खर्च करावा. किट सर्वांत स्वस्त आहे, पण आपल्या गाडीतला मूळ दोष नेमका तोच दूर करणार आहे.

बसवताना आपण स्वतः शेजारी उभे राहावे. हबच्या तोंडावरचा गंज एमरी पेपरने धातू चमकेपर्यंत घासून काढला पाहिजे, तिथे ०.०५ मिलिमीटरचा एक कण जरी राहिला तरी डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट डुलणे दिसते आणि काही महिन्यांत हादरे परत सुरू होतात. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू देऊ नये, तो तारेने बांधावा. चाकांचे नट हवेच्या गनने आवळून न सोडता टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळून घ्यावेत. जुन्या पॅडची भुकटी हवेच्या झोताने उडवू देऊ नये. ती फुप्फुसांना घातक असू शकते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसावी.

सिडको_वाचक:
एक पूरक सूचना. सुटे भाग घेताना खोक्यावरचा पार्ट नंबर चॅसिस नंबरवरून पडताळून घ्यावा आणि पक्के बिल मागावे, कारण नामांकित पॅडच्या नकली प्रती बाजारात आढळतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेले नसेल तर याच वेळी बदलून हवा काढून घ्यावी. डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो, पण ते हवेतील ओलावा शोषत असल्याने १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. तसे ऑइल घाटात उकळले की वाफ होऊन पेडल थेट खाली जाते.

कसारामार्गे:
काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक लागणार नाही. नंतर गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर पहाटे, मागेपुढे वाहन नसताना, ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने दहाएक वेळा वेग कमी करावा. प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्यावी आणि तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नये, कारण पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शहरातच काढावेत आणि मगच आईवडिलांना घेऊन गडाचा घाट चढावा.