इमॅटिनिब ४०० सुरू आहे: संत्री बंद करायची का? सूज, मळमळ, पोटऱ्यांत गोळे

मानेवाडा_लेक
बाबांना (६१) सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग, निघाला; अजून क्रॉनिक फेजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात आहे. त्यावरची इमॅटिनिब ४०० रोज सकाळी एक, तीन आठवडे झाले. गोळीनंतर मळमळ, उठल्यावर डोळ्यांखाली सूज, रात्री पोटऱ्यांत गोळे. बीपीसाठी अम्लोडिपिन आधीपासून आहे. संत्री बंद करा असं एकांनी सांगितलं. मृग बहाराची पेटी घरात येऊन पडली आहे. काय सांभाळायचं?

औषधी_सदर
संत्री खुशाल खाऊ द्या, मोसंबीही चालते. अडचण पपनस आणि ग्रेपफ्रूटची. सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम इमॅटिनिब मोडतं, आणि ही फळं आतड्यातलं तेच एन्झाइम बंद पाडतात. मग औषध रक्तात साचतं. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), किटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) यांचंही तेच. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन उलटं करतात, औषध लवकर संपवतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी इमॅटिनिबचं नाव आधी सांगा.

मळमळीवरून वाटतं, गोळी चहा-बिस्किटावर जाते आहे. दिवसातलं सगळ्यात भरीव जेवण धरा. अर्धं जेवण, मग गोळी, वर मोठा ग्लासभर पाणी, मग उरलेलं जेवण. लगेच आडवं होऊ नये. कुटून देऊ नका. गिळवत नसेल तर ४०० ची गोळी २०० मिली साध्या पाण्यात टाकून ढवळा, विरली की लगेच पाजा, तळाचा गाळही पाणी घालून पोटात जाऊ द्या. गोळी उलटून पडली तरी त्या दिवशी दुसरी नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

अम्लोडिपिनचं लिहिलंत ते बरं झालं. इमॅटिनिबमुळे त्याची रक्तातली पातळी वाढू शकते, आणि घोट्याला सूज हा अम्लोडिपिनचा स्वतःचा दुष्परिणाम. सकाळी पापण्या सुजतात ते बहुधा इमॅटिनिबचं. संध्याकाळी घोटे सुजत असतील तर अम्लोडिपिनवरही संशय घ्या. बीपी रोज मोजून लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने काही बंद करू नका.

उमरेडवाला
गुळवेलीचा काढा सुरू करा ताई, पेशी वाढतात.

डेकेअर_सिस्टर
नको. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या आहेत. इमॅटिनिबनेही एसजीपीटी (लिव्हरला इजा दाखवणारा रक्तातला आकडा) वाढू शकतं. दोन्ही चालू असली की दोष कुणाचा ते कळत नाही, आणि गुण येत असलेलं औषध थांबवावं लागतं.

सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, दुसऱ्यात पंधरवड्याला. नुसता डब्ल्यूबीसी (एकूण पांढऱ्या पेशी) बघू नका, त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी किती ते बघा. समजा डब्ल्यूबीसी २,२०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, तर न्यूट्रोफिलचा खरा आकडा ८८०. हा १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ते गोळी थांबवतात आणि साधारण १,५०० व ७५,००० वर आल्यावर परत देतात. घरच्या घरी अर्धी गोळी करणं सगळ्यात वाईट. अपुऱ्या डोसवर रोग दबत नाही.

सूज: पापड, लोणचं, ठेचा यांतलं मीठ आवरा, उशी उंच ठेवा, रोज सकाळी एकाच काट्यावर वजन घ्या. आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं, धाप लागली किंवा पोट फुगलं, तर तारखेची वाट बघू नका. ताप १००.४, काळी शी, हिरड्यांतून रक्त, पिवळे डोळे यांनाही तेच लागू. तापावर पॅरासिटॅमॉल विचारूनच; ब्रुफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून अजिबात नको.

पोटऱ्यांसाठी झोपण्याआधी ताण देऊन बघा आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस तपासायला सांगा.

मानेवाडा_लेक
गोळी जेवणातच गेली नव्हती, बरोबर. सोमवारच्या उपवासाचं काय? आणि गोळ्या उन्हाळ्यात कुठे ठेवू? जेनेरिक चालेल?

औषधी_सदर
उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी पोटभर असेल तर तेव्हाच घ्या. निर्जळी मात्र नाही.

साठवण ३० अंशांच्या खाली हवी, आणि आपल्याकडे मे महिन्यात हे अवघडच. घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली निवडा. कुलरच्या झोतात नको, ओल धरते. गाडीच्या डिक्कीत तर नाहीच. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. साठा महिन्याभराचाच घ्या.

जेनेरिक चालतं. ग्लिवेक या इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडच्या पेटंटचा दावा सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला फेटाळला, भारतीय कंपन्यांचं इमॅटिनिब बाजारात आहेच. फक्त दर महिन्याला ब्रँड बदलू नका. बिल घ्या आणि बॅच नंबर वहीत लिहा.

डेकेअर_सिस्टर
त्याच वहीत पीसीआरचं पान करा. बीसीआर-एबीएल (या रोगाचा जनुक रक्तात किती उरला ते मोजणारी पीसीआर तपासणी) दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये, रिपोर्ट आयएस (आंतरराष्ट्रीय) स्केलवर. तिसऱ्या महिन्यात १० टक्के किंवा कमी, सहाव्यात १, बाराव्यात ०.१. आकडा यापेक्षा वर असेल तर डॉक्टर आधी गोळ्या किती चुकल्या ते विचारतील, तेव्हा संपलेली पाकिटं टाकून देऊ नका.