अनुभव धागा : अमेरिकेत जोडीदाराची सोशल सिक्युरिटी कधी सुरू करावी?

आपल्या बऱ्याच घरांत एकाची नोकरी सलग तीस वर्षं, दुसऱ्याची व्हिसापायी किंवा मुलांपायी तुटक. अशा जोडप्यांसाठी सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाचे, नियम आणि आकडे दोन्ही लिहा. जन्म १९६० किंवा नंतरचा धरू.

न्यू जर्सीहून
नवऱ्याची ६७व्या वर्षीची पूर्ण रक्कम महिना ३,००० डॉलर असेल, तर बायकोला त्याच्या खात्यावर जास्तीत जास्त निम्मे, म्हणजे १,५००. तेही तिने स्वतःच्या सदुसष्टीपर्यंत थांबलं तर. ६२ला घेतले तर ९७५. सदुसष्टीनंतर एक छदामही वाढत नाही, नवरा सत्तरीपर्यंत थांबला तरी. आणि त्याने स्वतःचा अर्ज केल्याशिवाय हे सुरूच होत नाही.

बे एरियातून
बायकोची चाळीस क्रेडिट्स (अमेरिकेतली साधारण दहा वर्षांची नोकरी) भरली असतील आणि तिची स्वतःची पूर्ण रक्कम ८०० असेल, तर नवऱ्याच्या खात्यावरून फक्त वरची ७००ची भर. ‘आधी त्याचं घेते, माझं वाढू दे’ हा मार्ग आता बंद आहे. तिने एका रकमेचा अर्ज केला की तो दोन्ही रकमांचा धरतात. दोन्ही ६२ला घेतलं तर १,०१५. पण नवऱ्याचा अर्ज तोवर झालाच नसेल, तर ६२ला तिचे ५६० एकटेच सुरू होतात. ती ६७ची झाल्यावर त्याने अर्ज केला, की भर बिनकपातीची : एकूण १,२६०. त्याच्या अर्जाच्या दिवशीच तिच्या भरीचंही विचारून घ्या.

टेक्ससहून
भरीचा कीस फार काढतात, खरी काळजी मागे राहणाऱ्याची करायला हवी. नवरा ७०ला घेईल तर ३,७२०. त्याच्या पश्चात तिलाही, ती ६७ची झालेली असेल तर, तेवढेच. त्याने ६२ला घेतले असतील तर त्याचे २,१०० आणि तिला फार तर २,४७५. दोन्ही रकमा मिळत नाहीत, मोठी तेवढी राहते. म्हणून बायको वयाने लहान आणि तब्येतीने ठणठणीत असेल, तर तिची छोटी रक्कम लवकर घ्यावी आणि नवऱ्याने थांबावं, असं माझं ठाम मत आहे. बायकोची कमाई जास्त असेल तर हेच उलट.

पुण्याहून
परतणाऱ्यांसाठी : अमेरिकेचा भारताशी सोशल सिक्युरिटीचा करार नसल्यामुळे इथल्या नोकरीची वर्षं चाळीस क्रेडिट्समध्ये धरत नाहीत. इथल्या पेन्शनमुळे होणारी कपात मात्र जानेवारी २०२५च्या कायद्याने गेली. जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल, तर भारतात राहून त्याला दुसऱ्याच्या खात्यावरचे पैसे मिळण्यासाठी लग्नानंतर किमान पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य लागतं. त्याचे पुरावे परतण्याआधीच गोळा करा.