बी-विंगच्या पार्किंगात सीट कोणाची? (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा)

सौ. शिरोडकर (ए-१०२): बी-विंगच्या खांबाजवळ कोणीतरी गाडीची सीट काढून जमिनीवर ठेवली आहे. गाडीची दारं सताड उघडी आणि माझी गाडी मागे अडकलेली. मला साडेदहाला फर्मागुडीला पोचायचं आहे. ज्यांची असेल त्यांनी खाली यावं.

धुरी (बी-१०३): काकी, तोवर त्या सीटवर बसून घ्या. वारा चांगला येतो तिथे.

सौ. शिरोडकर: धुरी, प्रत्येक गोष्टीत थट्टा नको.

नितेश (बी-२०४): काकी, माझी गाडी आहे. सीटची लेदर कव्हरं काढतोय, आतून बुरशीचा वास मारतो. पेट्रोल भरायला म्हणून शेजारच्याची स्कूटर घेऊन गेलो होतो, आलोच. लगेच गाडी चालू करून पुढे घेतो.

गावस (ए-२०३): नितेश, थांब. सीट उतरवलेली असताना चावी फिरवू नको. सीटखालचा पिवळा कनेक्टर, म्हणजे एअरबॅगच्या वायरचा जोड, काढला आहेस ना? तो सुटा असताना इग्निशन चालू केलंस की एअरबॅगचा दिवा लागतो. नंतर कनेक्टर परत लावला तरी बऱ्याच गाड्यांत तो दिवा आपोआप जात नाही, स्कॅनर लावून कोड पुसावा लागतो.

सौ. शिरोडकर: मग माझी गाडी कशी निघणार?

कामत सर (बी-३०१): सर्वांना नम्र स्मरण 🙏 स्टिल्ट पार्किंगात पाण्याने गाडी धुण्यास मनाई आहे. ठराव मंजूर झालेला आहे.

नितेश: सर, पाणी कोण वापरतंय?

गावस: काकी, पाच मिनिटं. नितेश, बॅटरीचं निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर, सुटीच असू दे. काढली नसशील तर आत्ता काढ. दहा नंबरचा पाना. मग चावी फक्त स्टिअरिंगचं लॉक सोडण्यापुरती फिरव. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, दोघांनी मागून ढकला आणि एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसा. इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं, जोर द्यावा लागेल.

धुरी: ढकलायला मी येतो. उतार गटाराकडे आहे, एवढं लक्षात ठेवा.

परब, सेक्रेटरी (ए-३०२): खांबाजवळ गाड्यांची कामं करू नयेत असं मी आधीही कळवलं होतं. व्हिजिटरची जागा रिकामी असते.

सौ. शिरोडकर: व्हिजिटरची जागा रिकामी असते? परब, तिथे कायम कोणाची पांढरी गाडी उभी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

परब: तो विषय मीटिंगमध्ये झालेला आहे.

गावस: विषय सीटचा होता. नितेश, मुळात सीट उतरवलीस कशाला? तुझी कव्हरं बाहेरून चढवलेली आहेत, कंपनीची नाहीत. असल्या कव्हरांसाठी एकही बोल्ट सोडायला लागत नाही.

नितेश: व्हिडिओत चारही बोल्ट काढायला सांगितलंय. सीट बाहेर असली की कव्हराचे खालचे हूक नीट दिसतात.

गावस: दिसतात, कबूल. पण त्यापायी एअरबॅगची आणि बेल्टची वायर हलवायची? १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारी, दोन्ही सीटना बेल्ट न लावल्याचा इशारा सक्तीचा आहे. त्यामुळे शेजारच्या सीटखालीही वायर असतेच. सीट पूर्ण मागे सरकव, पुढून टॉर्च मार. मग पूर्ण पुढे घे, मागून बघ. ऐंशी टक्के हूक असेच हाताला लागतात.

प्रभू (सी-३०२): बाहेरचं कव्हर की कंपनीचं, हे ओळखायचं कसं? सेकंडहँड गाडी घेतली तर कोण सांगणार?

केरकर वहिनी (सी-१०१): कुशन आणि पाठ यांच्यामधल्या फटीत बोटं घाला. आत दुसरं कापड लागलं तर वरचं कव्हर बाहेरचं. मागच्या बाजूला वेल्क्रो, चेन किंवा इलॅस्टिक दिसलं तरी तेच. खरं लेदर की रेक्झीन हे बघायचं असेल तर उलटी बाजू बघा. विणलेलं किंवा जाळीदार कापड दिसलं की ते लेदर नव्हे, पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड. दुकानात त्याला काहीही नाव देऊन विकतात.

कामत सर: सर्वांना नम्र स्मरण 🙏 स्टिल्ट पार्किंगात पाण्याने गाडी धुण्यास मनाई आहे. ठराव मंजूर झालेला आहे.

धुरी: सर, गाडी कोरडीच ढकलली. काकी निघाल्या.

नितेश: गावसकाका, मग क्रम सांगा. ड्रायव्हरची सीट अजून तशीच आहे.

गावस: आधी सीटची पाठ थोडी मागे कर, नाहीतर हेडरेस्ट वर छताला अडतो. हेडरेस्टच्या एका दांडीपाशी बटण असतं. काही गाड्यांत दुसऱ्या दांडीपाशी बारीक भोक असतं, त्यात टाचणी किंवा सिमची पिन घालून दोन्ही एकदम दाबायचं. नुसतं ओढलंस तर प्लास्टिकची बाही वर येते.

मग पाठीची मागची बाजू. कव्हरची जीभ फटीतून मागे ओढून वेल्क्रोने चिकटवलेली असते. वेल्क्रो कडेपासून हळू सोलून काढ, झटका दिलास तर शिवण उसवते. जीभ मोकळी करून पुढे ढकल आणि खालून वर कव्हर गुंडाळत ने, ओला बनियन काढतात तसं. बाजूला आर्मरेस्ट असेल तर आधी तो सोडव.

कुशन शेवटी. खाली एस आकाराचे हूक इलॅस्टिकने ताणलेले असतात. हूक कशात अडकवलाय ते आधी बघ. लोखंडी फ्रेममध्ये असेल तर ठीक. फिटरने घाईत वायरच्या जुडग्यात अडकवला असेल आणि तू वरून कव्हर खेचलंस, तर कव्हराबरोबर कनेक्टर येतो. आपल्याकडच्या दमट हवेत हूक गंजून फ्रेमला धरतात. असला हूक सोडवत बसू नको, इलॅस्टिक कटरने काप. ते पुन्हा वापरायचं नाहीच.

नितेश: आणि एअरबॅग?

गावस: पाठीच्या दाराकडच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेलं लेबल आहे का बघ. असेल तर तिथे स्क्रूड्रायव्हर, सुरी, काहीही टोकदार घालायचं नाही. नवीन कव्हर घेशील तेव्हाही तेच बघ. साईड एअरबॅग असलेल्या सीटला त्या बाजूची शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची लागते. साधं कव्हर बॅगेला फुटायला वाट देत नाही.

प्रभू: पण वास कव्हराचा की सीटचा? कव्हर काढून उपयोग काय, बुरशी आत बसलेली असेल तर?

केरकर वहिनी: दोन्हीकडे असते. रेक्झीनमधून हवा जात नाही. पावसात ओल्या कपड्यांनी बसलं की पाणी शिवणीतून फोममध्ये उतरतं आणि वाळत नाही. कव्हर काढल्यावर मास्क लावा, बुरशी कोरडी असतानाच व्हॅक्यूमने ओढा. आधी ब्रश मारला तर ती गाडीभर उडते. मग सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन सीट पुसा. आधी खालच्या कोपऱ्यात रंग उतरतो का बघा. गाडीची दारं उघडी हवीत आणि जवळ कोणी विडी ओढत असता कामा नये.

खऱ्या लेदरवर अल्कोहोल नको, वरचा थर जातो. तिथे लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर साधा शाम्पू, फडकं घट्ट पिळून.

धुरी: विडीचं माझ्याकडे बघून लिहिलं का वहिनी?

केरकर वहिनी: ज्याला लागू त्याने घ्यावं.

परब: ब्लीच टाकलं तर झटपट होतं.

केरकर वहिनी: ब्लीचने कापडावर पिवळे-पांढरे डाग पडतात. आणि वासासाठी कोणी व्हिनेगर मारलेलं असेल तर त्यावर ब्लीच अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत तर विचारूच नका.

कामत सर: शाम्पूचा उल्लेख वाचला. पुन्हा एकदा नम्र स्मरण 🙏 ठराव वर दिलेला आहे.

नितेश: चमचाभर शाम्पू, सर!

कामत सर: चमच्यानेच सुरुवात होते.

गावस: वासाचं मूळ मात्र बहुतेक वेळा सीटमध्ये नसतंच. पायाखालची रबर मॅट उचल आणि कार्पेट मुठीने दाब. ओल लागली तर एसीची नळी बघ. पावसाळी हवेत एसी दहा मिनिटं चालला की गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे. ठिबकत नसेल तर नळी मातीने किंवा पानाने बुजली आहे आणि पाणी आत कार्पेटखाली जातंय. ते तसंच ठेवून कव्हर बदललंस तर महिन्याभरात पुन्हा तोच वास.

सौ. शिरोडकर: पोचले. गाडीचाच एसी गळतो असं नाही हो. सी-विंगच्या एका एसीचं पाणी वर्षभर माझ्या बॉनेटवर पडतं. त्याचंही कोणी कौशल्य सांगावं.

केरकर वहिनी: आमची नळी बादलीत सोडलेली आहे. येऊन बघा.

सौ. शिरोडकर: मी नाव घेतलं का?

परब: कृपया वैयक्तिक बोलू नये. एसीचा विषय पुढच्या मीटिंगला.

प्रभू: गावस, माझ्या गाडीत कंपनीचंच लेदर आहे आणि शिवण उसवलीय. ते घरी निघेल का?

गावस: निघेल, पण ते वेगळं काम. तिथे सीट उतरवावीच लागते. बॅटरी सोडून कनेक्टरला हात लावण्याआधी निदान दहा मिनिटं थांबायचं. बोल्ट बहुतेक चौदा नंबर, काही युरोपियन गाड्यांत टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे. सीट पंधरा-वीस किलोची. दाराच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी टाका, रुळाच्या टोकाने रंग खरवडतो. कुशनच्या खाली कडेने प्लास्टिकच्या पट्ट्या फ्रेमवर दाबून बसवलेल्या असतात, त्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने सुटतात. मधल्या खाचांत लोखंडी रिंगा असतात, त्यांना हॉग रिंग म्हणतात. त्या कटरने कापायच्या. कव्हरच्या आत जी तार सरकवलेली असते ती फेकू नका, नव्याला तीच लागते.

केरकर वहिनी: रिंगा आवळायला खास पक्कड लागते. ती नसेल तर चार इंची केबल टाय चालतात. तारेभोवती घेऊन ओढायचे आणि शेपूट मुळाशी कापायचं, नाहीतर बसताना टोचतं. उसवलेली शिवण फक्त असेल तर कव्हर काढून शिवणाऱ्याकडे द्या. जाड नायलॉनचा दोरा, आणि जुन्याच भोकांतून. नवी भोकं पाडली की तिथून फाटतं.

गावस: नितेश, ती सीट परत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरव. पाना नंतर. एक आवळून टाकलास की बाकीचे भोकावर येत नाहीत, आणि आडवा आटा गेला तर गाडीच्या तळातली चाकी, म्हणजे नट, खराब. दोन्ही रूळ एकाच खाचेत आहेत ना, तेही बघ. नाहीतर सीट तिरकी सरकते. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाब, बॅटरी सगळ्यात शेवटी.

परब: आणि काढलेली कव्हरं कचऱ्याच्या ड्रमजवळ टाकून जाऊ नयेत. मागच्या वेळी कोणीतरी गादी टाकली होती.

धुरी: पानांबरोबर जाळून टाकू.

केरकर वहिनी: रेक्झीन जाळायचं नाही, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. हूक आणि चेन कापून भंगारात, बाकीचं बांधून कोरड्या कचऱ्यात. कोणाला वापरायचं असेल तर सावलीत वाळवा, उन्हात पीयूला तडे जातात.

नितेश: पुढच्या सीटचं झालं. मागच्या सीटचं कुशन उचलतच नाहीये. खेचू का जोरात?

गावस: मधे धरू नको, दोन्ही क्लिपा पुढच्या कडेला, दारांच्या बाजूला असतात. एका बाजूला हात अगदी कडेखाली घाल आणि सरळ वर एकच झटका दे, मग दुसरी बाजू. तिरकं ओढलंस तर क्लिप तुटते. सुटली की कुशन आधी पुढे सरकव, मागचे हूक फ्रेममधून निघतात. बेल्टची बकलं भोकांतून खाली सोडायला विसरू नको. आणि क्लिप तुटलीच तर नवी सुटी मिळते. मॉडेल आणि साल सांगून घे, दोन घे.