मदत हवी आहे: माहेरचे लोक लेकीला 'तू नक्की कोण?' विचारतात

मोगरा_मिरज: पुढच्या आठवड्यात गणपतीला माहेरी जातोय. नवरा केरळचा. दरवर्षी लेकीला समोर उभं करून तेच. "तू मराठी की मद्रासी? घरी काय बोलता? देव कुठला?" गेल्या वर्षी ती आरती सोडून आतल्या खोलीत जाऊन बसली. मला पुन्हा ते बघवणार नाही. काय उत्तर द्यायचं, पटकन सांगा.

वाळवा७: लेक केवढी? विचारतं कोण? नवरा तेव्हा कुठे असतो?

मोगरा_मिरज: आठ वर्षांची. आत्या सुरू करते, बाकीचे सूर लावतात. नवरा तिथेच असतो, पण मराठी बेताचं, म्हणून हसून सोडून देतो.

कोथरूडकर: सोपं आहे. ओणम गणपतीच्या आगेमागेच येतो. लेकीला अंगणात पूक्कळम, म्हणजे ओणमची फुलांची रांगोळी, काढू द्या, महाबळीची गोष्ट सांगू द्या. पाडव्याला आपण 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो, तोच बळी. आत्यांना ओळखीचं वाटेल.

मोगरा_मिरज: नवरा ख्रिश्चन आहे, केरळातल्या जुन्या सिरियन ख्रिश्चनांपैकी, कोट्टयमचा. ओणमची सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं जेवण, त्यांच्याकडेही होते, पण आत्याला जाणून घ्यायचं असतं ते 'बाप्तिस्मा केलात का' हे. आणि तेही मुलीकडून.

कोथरूडकर: अहो, हे आधी सांगायचं ना!

नोंदणी_विवाह: लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली असेल तर तुमचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरेल. मृत्युपत्र करून ठेवा.

कोथरूडकर: चूक. आमचंही लग्न त्याच कायद्याखालचं, आम्हाला हिंदू वारसा कायदाच लागतो.

नोंदणी_विवाह: तुम्ही दोघंही हिंदू, म्हणून. १९७६ च्या दुरुस्तीत कलम २१-अ आलं ते त्यासाठीच. इथे नवरा ख्रिश्चन आहे.

मोगरा_मिरज: मृत्युपत्राचं मी विचारलेलं नाही. मुलीचं सांगा.

कावेरीकाठ: आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आमचे पूर्वज तिकडे गेले, तरी पुण्यातल्या लग्नात 'तुमचं मराठी असं कसं?' ऐकावं लागतंच. लहानपणी आई माझ्याकडून उत्तर घोकून घ्यायची. ते चारचौघांत म्हणताना प्रश्नापेक्षा जास्त लाज वाटायची. म्हणून तिला काही पढवू नका. प्रश्न आला की तिच्यादेखत तुम्हीच मध्ये पडा: "आत्या, हे मला विचार. दोन्ही घरं तिचीच आहेत."

वाळवा७: सणाच्या घरात भरल्या माणसांत असं बोललात तर आत्या पाच दिवस अबोला धरतील. त्यापेक्षा आजच फोन करा.

कावेरीकाठ: फोनने काय होणार? आत्या बाकीच्यांना सांगणार, आणि पोचायच्या आधीच घरभर चर्चा.

वाळवा७: मग फोन आजीला करा. आमच्याकडे पंजाबी जावई आला तेव्हा सासूबाईंनी एकदाच सगळ्यांना सांगितलं, "पोरांना कुणी काही विचारायचं नाही." नंतर कुणाची टाप नव्हती.

मोगरा_मिरज: हे जमेल. आई आत्याहून मोठी आहे, तिचं ऐकते ती. आज रात्रीच बोलते आईशी. आणि तरी कुणी विचारलंच, तर मीच मध्ये पडेन. नवऱ्यालाही सांगितलंय की या वेळी हसून सोडायचं नाही, मोडक्या मराठीत का होईना, बोलायचं. लेक काल विचारत होती, "अम्मच्चीकडे (केरळच्या आजीकडे) मला असं कुणी विचारत नाही, मग इथेच का?" याला काय सांगू, तेही कुणी सुचवा.

सुगरण_सातारा: कोट्टयमच्या मीनकरीत (माशाच्या कालवणात) आंबट कुडमपुळीऐवजी कोकम चालतं का?