मुलींच्या बाजूचाही एक सिनेमा आहे
उन्हाळी शिबिरावरचे चावट सिनेमे सगळे मुलग्यांच्या नजरेतले, मुली त्यात मुलग्यांनी चोरून बघण्यापुरत्या, असं म्हटलं जातं आणि ते बहुतांशी पटतं. पण १९८० चा 'लिटल डार्लिंग्स' हा सिनेमाही यात धरायलाच हवा. पटकथा किमी पेक आणि डॅलीन यंग या दोन बायकांची. आधी कौमार्य कोण गमावतं यावर शिबिरातल्या दोन मुलींची पैज लागते, बाकीच्या पैसे लावतात. इथपर्यंत नेहमीचाच मसाला.

पुढे मात्र जिचं काहीच घडलेलं नाही ती (टेटम ओनील) सगळं झाल्याची थाप मारते, आणि जिचं खरंच घडलंय ती (क्रिस्टी मॅकनिकल) नाही म्हणून सांगते. नट मॅट डिलनसोबतच्या त्या प्रसंगानंतरचा मॅकनिकलचा चेहरा जरूर बघा. त्या वयातलं एकटेपण इतकं नेमकं या प्रकारच्या दुसऱ्या सिनेमात मला दिसलेलं नाही.