गिअर बॉक्समधले ‘नव्वद नंबर’ म्हणजे नेमके कोणते तेल?

पांदणवाट (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची, पाच गिअरची, पुढच्या चाकांवर चालणारी लहान पेट्रोल गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी ती मी अमरावतीहून जुनी विकत घेतली आणि आजवर ती एकूण ७८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या पावसाळ्यात डाव्या चाकाकडच्या एक्सलच्या ऑइल सीलमधून तेल गळत असल्याचे लक्षात आले. तालुक्याच्या गावी एका मिस्त्रींनी सील बदलले, गिअर बॉक्समधले उरलेसुरले तेल काढले आणि नवे भरून दिले. कोणते भरले असे विचारल्यावर ‘नव्वद नंबर’ एवढेच उत्तर मिळाले. दिवाळीपर्यंत काही जाणवले नाही. थंडी पडल्यापासून मात्र सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड जातो आणि घाईने टाकला तर खर्र असा आवाज येतो. गाडी तापली की त्रास कमी होतो, पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना थोडी खरखर राहतेच.

गाडीसोबत मला पुस्तिका मिळाली नव्हती. ती आता मोबाइलवर उतरवून घेतली असून तिच्यात ‘७५डब्ल्यू-९०, जीएल-४’ असे छापले आहे. येथील दुकानात मात्र ८०डब्ल्यू-९० चा डबा आहे, त्यावर जीएल-५ लिहिले आहे आणि दुकानदाराच्या मते पाच म्हणजे चारच्या वरचे, तेव्हा ते चांगलेच असणार. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे गृहस्थ म्हणतात की मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यात पातळ तेल टिकणार नाही, सरळ १४० नंबर टाका. माझे मेहुणे पुण्याला असतात. त्यांच्या ओळखीच्या एकाच्या गाडीत गिअर बॉक्समध्ये इंजिन ऑइलच भरतात म्हणे. पुस्तिकेप्रमाणे तेल हवे तर नागपूरहून आणवावे लागेल. तेवढा खटाटोप करण्याइतका फरक खरोखर पडतो का, की नव्वद ते नव्वदच?

जुना फिटर (हिंगणघाट)

पांदणवाट भाऊ, आपल्या प्रश्नात दोन वेगळे आकडे एकमेकांत मिसळले आहेत. ‘९०’ हा आकडा तेल किती दाट आहे तेवढेच सांगतो. ‘जीएल’ पुढचा आकडा त्या तेलात दाब सोसणारी रसायने किती मिसळली आहेत आणि ते कोणत्या प्रकारच्या गिअरसाठी बनवले आहे हे सांगतो. मिस्त्रींनी आपल्याला अर्धेच उत्तर दिले. त्यांनाही उरलेले अर्धे कोणी विचारले नसावे, कारण तालुक्याच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर आणि जीप यांचेच काम अधिक असते आणि तेथे ‘नव्वद’ म्हटले की भागते.

चार आणि पाच या इयत्ता नाहीत, ही दोन वेगळ्या कामांची तेले आहेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप किंवा पिकअपच्या मागच्या एक्सलमध्ये पिनियन (इंजिनकडून फिरणारा लहान गिअर) हा क्राउनच्या (चाके फिरवणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेपासून खाली सरकवून बसवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबवर घासत जातात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. नुसत्या तेलाचा थर तेथे टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात, जी तापलेल्या पोलादाशी संयोग पावून दात्यांवर एक पातळ, घासून जाऊ शकेल असा संरक्षक थर तयार करतात. डबा उघडल्यावर येणारा उग्र वास या गंधकाचाच. जीएल-५ मध्ये या रसायनांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते.

आपल्या गाडीत असा एक्सल नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीत डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) गिअर बॉक्सच्याच पेटीत असते, त्याचे दाते साधे तिरपे असतात आणि दोघांचे तेल एकच असते. तेथे दुप्पट रसायनांची गरजच पडत नाही. उलट तेथे दुसरा एक नाजूक भाग बसलेला असतो, तो म्हणजे सिंक्रो रिंग. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावले धावतो आणि मगच पायरीवर पाय ठेवतो, तसे ही रिंग करते. ती बहुधा पितळेची असते, गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. म्हणजे ज्या पेटीत सगळीकडे घर्षण नको, तेथे नेमक्या या एका जागी ते हवे असते. तेल तेथे गरजेपेक्षा निसरडे झाले तर रिंग शंकूवर घसरत राहते, वेग जुळायच्या आत दाते भिडतात आणि आपल्याला ‘खर्र’ ऐकू येते. शिवाय गंधक पितळेलाही धरतो. आपल्या घरची तांब्या-पितळेची भांडी काळी पडतात त्याच जातीचा हा प्रकार आहे.

तेव्हा पुस्तिकेत जीएल-४ आहे तर जीएल-४ च आणवा. काही डब्यांवर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही छापलेले असते. मी स्वतः असा डबा लहान गाडीत घालत नाही, कारण पाचची पातळी गाठायची तर रसायने पाचच्याच मापाने घालावी लागतात.

सातपुडा (अचलपूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. १४० नंबरचा मुद्दा राहिला, म्हणून लिहितो. आमच्याकडे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना खालच्या गिअरवर गाडी चांगलीच तापते, त्यामुळे ‘दाट तेल म्हणजे भक्कम तेल’ हा समज येथेही पक्का आहे.

डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी ‘डब्ल्यू’ असलेला थंडीतला वाहतेपणा सांगतो. ७५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर आणि ८५डब्ल्यूची उणे १२ वर. इतकी थंडी विदर्भात कधीच पडत नाही हे खरे, पण ८-१० अंशांच्या सकाळीसुद्धा ८०डब्ल्यू हे ७५डब्ल्यूपेक्षा दाट राहते आणि १४० तर काकवीसारखे होते. आपला दुसरा गिअर सकाळी जड जाण्यात याचा वाटा असणार, कारण दाट तेल गिअरला फिरतानाही धरून ठेवते आणि ते रिंग व शंकू यांच्या मधून वेळेत बाजूलाही सरत नाही.

‘डब्ल्यू’ नसलेला दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. त्याचे माप १०० अंश सेल्सिअसला घेतात. ९० नंबरसाठी ते १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक; आकडा मोठा तेवढे तेल दाट) असावे लागते आणि १४० नंबर २४ पासून सुरू होतो. म्हणजे आपल्या मे महिन्यातले ४६ अंश ज्याला आपण आग म्हणतो, ते या मापाच्या निम्म्यावरही येत नाहीत. गाडी बनवणाऱ्याने ९० हा आकडा तापलेल्या गिअर बॉक्सचाच विचार करून दिलेला असतो, तेव्हा उन्हाळ्यासाठी वेगळी भर घालण्याचे कारण नाही.

मेहुण्यांचे म्हणणेही अगदीच हवेतले नाही. गिअर तेल आणि इंजिन तेल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. इंजिनचे ४० नंबर १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक असते, म्हणजे दाटपणात ते गिअरच्या ९० च्या शेजारीच बसते. जुन्या काही होंडा गाड्यांच्या गिअर बॉक्सला तर कंपनीनेच इंजिन ऑइल सांगितले होते. पण ज्या पेटीसाठी ते सांगितले त्या पेटीसाठीच ते योग्य. आपल्या पुस्तिकेत जीएल-४ आहे, म्हणजे दात्यांना दाब सोसणारी रसायने हवी आहेत आणि ती इंजिन ऑइलमध्ये त्या मापात नसतात.

सावकाश जा (चिमूर)

एक मतभेद नोंदवतो. जीएल-५ ने पितळ खाल्ले जाते ही गोष्ट आता जरा जास्तच सांगितली जाते. आजच्या बऱ्याच तेलांत पितळेला जपणारी रसायनेही घातलेली असतात, तेव्हा सहा महिन्यांत रिंग झिजून गेली असे समजून घाबरू नका. निसरडेपणाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

तेल बदलण्यापूर्वी क्लच तपासा, ही माझी खरी सूचना. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून पाहा, मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, गाडी उभी असतानाच पुन्हा टाका. बंद असताना सहज जातात आणि चालू असताना सगळेच अडतात, असे असेल तर क्लच नीट सुटत नाही आणि कोणतेही तेल ते दुरुस्त करणार नाही. एकच गिअर खरखरत असेल तर त्या गिअरची रिंग. सगळे गिअर थंडीत जड आणि तापल्यावर मोकळे असतील तर तेल. रिव्हर्सची खरखर यात धरू नका, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबले की तो शांतपणे पडतो.

पांदणवाट

सर्वांचे आभार. आज सकाळी सांगितल्याप्रमाणे पाहिले. इंजिन चालू असतानाही उभ्या गाडीत सगळे गिअर पडतात, क्लच ठीक दिसतो. चालत्या गाडीत थंड असताना पहिल्या ते चौथ्यापर्यंत सगळेच थोडे जड आहेत, पण खरखर फक्त दुसऱ्याला आहे. काल मिस्त्रींकडे जाऊन भरलेल्या तेलाचा रिकामा डबाही पाहिला. त्यावर ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५ असे होते. नव्वद संपले होते म्हणून तेच घातले, असे ते म्हणाले. जीएल-४ चा डबा पुतण्या शनिवारी नागपूरहून आणणार आहे. घरीच बदलता येईल का?

जुना फिटर (हिंगणघाट)

येईल, पण एक क्रम चुकवू नका. भरण्याचा नट आधी सैल करून पाहा आणि तो सुटला तरच खालचा ड्रेन नट उघडा. जुन्या गाडीत वरचा नट गंजून बसलेला असतो. तेल आधी काढून मोकळे झालात आणि वरचा निघेना, तर कोरडा गिअर बॉक्स घेऊन अंगणात बसावे लागते. माझ्याच वाट्याला हे एकदा आले आहे.

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन पूर्ण निथळेल. गाडी सपाट जागी घ्या आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम आधार लावा. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट सापडेल, ती स्वाभाविक आहे. खडे, चकचकीत तुकडे किंवा दात्याचा कोपरा सापडला तर मात्र भरण्यापूर्वी कोणाला तरी दाखवा. निघालेले तेल दुधाळ चहासारखे दिसले तर नाल्याच्या पाण्यातून गाडी काढताना पाणी आत गेले असे समजा. पावसाळ्यात पांदणीने जाणाऱ्यांकडे हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

नटाचा वायसर नवा घाला. नवे तेल पाइप लावलेल्या नरसाळ्याने सावकाश ओता. भोकातून तेल बाहेर झिरपू लागले की लेव्हल झाली, हा सर्वसाधारण नियम; आपल्या पेटीला वेगळी खूण असेल तर ती पुस्तिकेत पाहा. जास्त भरू नका, फेस होतो आणि नुकतेच बदललेले सील पुन्हा ओले होते. काढलेले तेल शेताच्या धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतू नका. जुने इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

पांदणवाट

रविवारी काम झाले. वरचा नट सुटायला तासभर गेला आणि पाना दोनदा घसरला, तेव्हा आपल्या सूचनेचे महत्त्व चांगलेच पटले. निघालेले तेल काळपट होते, पाणी नव्हते, चुंबकावर पेस्ट आणि तीत दोन-तीन पिवळसर चमकदार कण होते. नवे तेल पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमीच बसले. आज पहाटे चांगली थंडी असूनही दुसरा गिअर पहिल्याच वळणावर मोकळा पडला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतानाची खरखर मात्र पूर्ण गेलेली नाही, घाई केली तर ऐकू येते.

डब्यात थोडे तेल उरले आहे. भावाच्या पिकअपच्या मागच्या एक्सलची लेव्हल कमी आहे, त्यात ते घातले तर चालेल का?

सावकाश जा (चिमूर)

पिवळे कण रिंगचेच असावेत. दुसऱ्या गिअरची रिंग थोडी झिजलेली दिसते आणि ती झीज तेलाने भरून येणार नाही. खालच्या गिअरवर येताना क्षणभर थांबून टाकत गेलात तर ती अजून बराच काळ चालू शकेल. गिअर बॉक्स उघडण्याची घाई करू नका.

जुना फिटर (हिंगणघाट)

पिकअपमध्ये घालू नका. तेथे तोच क्राउन-पिनियन आहे ज्याबद्दल मी सुरुवातीला लिहिले, त्याला जीएल-५ लागते. त्या गाडीची पुस्तिका पाहा आणि तिच्यात ८०डब्ल्यू-९० जीएल-५ असेल, तर आपल्या गावच्या दुकानातला तो डबा भावासाठी खुशाल घ्या. उरलेले जीएल-४ बूच घट्ट लावून ठेवा, नव्या सीलने पुन्हा थेंब सोडला तर वर घालायला कामी येईल.